वडील कुठं असतात रे तुझे? : सिनेमा विकताना वय तपासतात म्हणजे नक्की काय करतात

कोल्हापूरच्या राजारामपुरीत एका गल्लीच्या तोंडाला व्हिडिओ लायब्ररी होती. कॅसेटींचा जमाना सरत आला होता, व्हीसीडी नव्यानं आल्या होत्या. काउंटरच्या काचेखाली सिनेमांची कव्हरं मांडलेली असायची, आणि ‘ए’ शिक्क्याच्या सगळ्या डिस्क खालच्या ड्रॉवरात. मी तेव्हा नववीत. वर्गातल्या एकानं वडापावची पैज लावली म्हणून मी छाती काढून आत गेलो आणि म्हणालो, “दादा, खालच्यातली एक द्या.”

दादांनी मान वर केली नाही. रजिस्टरात काहीतरी लिहीत होते ते लिहीतच विचारलं, “वडील कुठं असतात रे तुझे? उद्यमनगरात न्हवं, लेथवर?”

“हो.”

“बरं. संध्याकाळी गाठ पडंल. त्यांस्नीच विचारतो कुठली पाहिजे ते.”

मी सायकलवर टांग टाकली ती घरी येऊनच उतरलो. वडापाव गेला.

ओळखपत्र मागितलं नाही, जन्मतारीख विचारली नाही, कायद्याचं नाव काढलं नाही. तरी इतकी चोख वयाची तपासणी मी नंतर कुठं पाहिली नाही. आता त्याच्या शेजारी हे ठेवा. परवा माझा पुतण्या सोन्या, वय वर्षं बारा, सोफ्यावर आडवा पडून आबांच्या मोबाइलवर सिनेमाचं एक ॲप उघडत होता. जन्मतारीख टाका, म्हणून पडद्यावर ते फिरणारं चाक आलं. त्यानं अंगठ्यानं चाक असं भिरकावलं की साल गरगरत जाऊन १९४७वर थांबलं. ‘पुढे’ दाबलं. ॲपनं आनंदानं स्वागत केलं. “काका, मी स्वातंत्र्याच्या सालचा!” म्हणून हा हसतोय.

दादांच्या काउंटरवर जे दहा सेकंदांत जमलं ते एवढ्या मोठ्या कंपनीला का जमत नाही? कोल्हापुरी माणूस म्हणेल, त्यांना जमवायचंच नाही. त्यात थोडं तथ्य आहे, पण सगळं नाही. वय तपासणं हे दिसायला एक काम असलं तरी त्यात तीन वेगळे प्रश्न आहेत. हा सिनेमा कितव्या वर्षी बघण्याजोगा, हे ठरवलं कुणी? समोरच्याचं वय खरोखर कुणाला ठाऊक आहे? आणि चुकलं तर ते कुणाच्या अंगाशी येणार? मला विचाराल तर सगळी गोम तिसऱ्यात आहे. पण आधी पहिला.

शिक्का कुणाचा

सिनेमाला कात्री लागण्याशी कोल्हापूरची ओळख फार जुनी. बाबूराव पेंटर यांनी महाराष्ट्र फिल्म कंपनीतून १९२० साली ‘सैरंध्री’ काढला. त्यातला भीमानं केलेला कीचकवध इतका खरा उतरला की सेन्सॉरनं त्यावर आक्षेप घेतला. तेव्हा लागू होता १९१८चा कायदा. तो सिनेमाकडं बघायचा ते एकाच नजरेनं: लोकांना दाखवण्याजोगा आहे की नाही. आठ वर्षांचं पोर आणि चाळीस वर्षांचा बाप एकाच मापात. सगळ्यांसाठी ‘यू’ आणि फक्त प्रौढांसाठी ‘ए’ अशी वाटणी १९४९च्या दुरुस्तीनं आली. पुढं १९५२चा सिनेमॅटोग्राफ कायदा झाला, तो दुरुस्त्यांसकट आजही चालू आहे.

१९८३ साली मधला एक डबा आला, ‘यूए’. आणि एक ‘एस’, म्हणजे डॉक्टरांसारख्या ठरावीक व्यवसायातल्या लोकांपुरता. तो आपल्याला आयुष्यात क्वचितच दिसतो. त्याच वर्षी मंडळाच्या नावातला ‘सेन्सॉर’ शब्द जाऊन ‘प्रमाणन’ आला. तरी आपण सेन्सॉर बोर्डच म्हणतो, आणि बोर्डही अजून कात्री सुचवतंच, त्यामुळं आपलं काही फार चुकत नाही.

२०२३च्या दुरुस्तीनं ‘यूए’चे तीन तुकडे केले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. इथं बहुतेक जण गोंधळतात. ‘यूए १६+’ पाहून लोकांना वाटतं, सोळाच्या आतल्याला थिएटरात प्रवेश नाही. तसं नाही. ‘यूए’ हा आईबापांना दिलेला सल्ला आहे. सोळाच्या आतल्या मुलानं हा सिनेमा बघावा की नाही, याचा विचार तुम्ही करा, एवढंच तो सांगतो. दारावरच्या माणसानं त्यावरून कुणाला अडवायचं नसतं. ‘ए’चं मात्र वेगळं. तिथं अठरा पूर्ण नसलेल्याला बंदी आहे, आणि आईवडील बरोबर असले, त्यांची हरकत नसली, तरी ती उठत नाही. एकीकडं निर्णय घरचा, दुसरीकडं कायद्याचा. एका अक्षरानं जबाबदारी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर जाते, आणि पोस्टरच्या कोपऱ्यातला तो शिक्का वाचायला भिंग लागतं.

त्याच दुरुस्तीत आणखी एक गोष्ट आली. ‘ए’ सिनेमा टीव्हीवर दाखवायचा तर त्यासाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यायचं. टीव्ही दिवाणखान्यात असतो, तिथं दारावर कुणी उभं नसतं, म्हणून सिनेमालाच कापून लहान करायचं. हा उपाय लक्षात ठेवा. दारावर माणूस नसेल तर काय करायचं, या प्रश्नाला दिलेलं ते एक उत्तर आहे, आणि ऑनलाइनला आपण ते दिलेलं नाही.

दारावर कोण उभं आहे

थिएटरचं सोपं आहे. १९५२चा कायदा ‘दाखवण्या’बद्दल बोलतो. ‘ए’ सिनेमा अठराच्या आतल्याला दाखवला तर जबाबदार दाखवणारा, म्हणजे थिएटरवाला. त्याचा परवाना आहे, धंदा आहे, उद्याचा शो आहे. म्हणून मल्टिप्लेक्सच्या दारावरचा पोरगा ओळखपत्र मागतो, आणि तिकीट बुक करतानाच ॲपवर सूचना येते. पूर्वीचे डोअरकीपर मिसरूड बघायचे. आमच्या वेळी काही जण काजळ लावून मिसरूड काढायचे आणि मध्यंतरात घामानं ते ओठावर उतरायचं. असो.

दुकानात मात्र गंमत आहे. डिस्क विकणं म्हणजे सिनेमा ‘दाखवणं’ नव्हे. तुम्ही विकलीत, गिऱ्हाइकानं घरी नेली, कुणी पाहिली ते तुम्हाला काय ठाऊक? डिस्कच्या बाबतीत आपल्या कायद्यानं बघितलं ते मुख्यतः चोरीकडं. कॉपीराइट कायद्यात १९८४ साली ५२ए हे कलम घातलं. सिनेमाची कॅसेट किंवा डिस्क काढायची तर तिच्यावर आणि तिच्या वेष्टनावर प्रमाणपत्राची प्रत, बनवणाऱ्याचं नावपत्ता आणि हक्कदाराचा तपशील छापलाच पाहिजे. म्हणून व्हीसीडीच्या मागं ते मुंगीएवढ्या अक्षरांतलं प्रमाणपत्र असायचं. आठवतंय? २००६-०७च्या सुमाराला मोझर बेअर या डिस्क बनवणाऱ्या कंपनीनं व्हीसीडी अठ्ठावीस रुपयांना आणि डीव्हीडी चौतीसला आणली, तेव्हा महाद्वार रोडवर भाजीच्या जुड्या रचाव्यात तशा डिस्क रचून विकायला बसायचे लोक. प्रत्येकीवर शिक्का होता. समोर उभा असलेला किती वर्षांचा, हे मात्र कुणी विचारत नव्हतं.

अश्लील वस्तू मुलाला विकणं हा गुन्हा आहेच. जुन्या दंडसंहितेत कलम २९३ होतं, त्यात वयाची मर्यादा वीस होती. आता भारतीय न्याय संहितेत २९५ आहे, त्यात ‘बालक’ म्हणजे अठराच्या आतला. पहिल्यांदा दोषी ठरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. पण अश्लील आणि ‘ए’ एक नव्हेत. मारामारीमुळं ‘ए’ मिळालेला सिनेमा अश्लील ठरत नाही. या दोन्हींच्या मधे जी मोकळी जागा राहते तिथं आमचे दादा उभे होते. त्यांच्यावर कायद्याचा धाक फारसा नव्हता. धाक होता तो पेठेचा. माझे वडील संध्याकाळी दुकानासमोरून जाणार होते, हीच त्यांची कलमं.

ब्रिटननं नेमकं उलटं केलं. तिथं १९८४ साली व्हिडिओ रेकॉर्डिंग्ज ॲक्ट आला आणि त्यानं थेट विक्रीलाच हात घातला. डिस्कवर १८ लिहिलं असेल आणि दुकानदारानं ती सतरा वर्षांच्याला विकली, तर गुन्हा दुकानदाराचा. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. ते तपासायला सरकारी माणसं खरोखरच एखाद्या अल्पवयीन मुलाला पैसे देऊन दुकानात पाठवतात आणि त्याला डिस्क मिळते का बघतात. आमच्या नववीच्या पैजेसारखंच, फक्त सरकारी खर्चानं.

या भीतीपोटी तिथल्या दुकानदारांनी एक शहाणी युक्ती काढली. माणसाच्या चेहऱ्यावरून सतरा की एकोणीस हे सांगता येत नाही. मग नियम केला की गिऱ्हाईक पंचविशीच्या आतलं दिसलं तरी ओळखपत्र मागायचं. विकायचं अठराला, पण संशयाची रेघ ओढायची पंचविसावर. सात वर्षांची ही गादी चूक झेलायला ठेवलेली. ही युक्ती पुढं यंत्रांनीही उचलली, म्हणून सांगून ठेवतो.

आता त्यातलीच एक फजिती. २००९ साली ब्रिटिश सरकारच्या लक्षात आलं की १९८४चा हा कायदा करताना युरोपीय आयोगाला त्याची रीतसर सूचना द्यायची राहूनच गेली होती. म्हणजे पंचवीस वर्षं ज्याच्या जोरावर खटले भरले तो कायदा लागूच करता येत नव्हता. २०१०च्या जानेवारीत तोच कायदा पुन्हा मंजूर करून घेतला. मधल्या काही महिन्यांत दुकानांनी मात्र वय विचारणं सोडलं नाही. सवय लागली होती, आणि आईबापांची ओरड नको होती.

अमेरिकेत तर केंद्रीय कायदाच नाही. १९६८पासून तिथली श्रेणी सिनेमा उद्योगच स्वतः देतो आणि दुकानं ती राजीखुशीनं पाळतात. कितपत पाळतात? तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं अल्पवयीन मुलांना गुपचूप गिऱ्हाईक म्हणून पाठवून पाहिलं. २०१३च्या अहवालात ‘आर’ शिक्क्याची, म्हणजे सतराच्या आतल्यानं मोठ्यांबरोबरच बघायची, डीव्हीडी शंभरातल्या तिसांना मिळाली, थिएटरचं तिकीट चोविसांना. मोठ्यांसाठीचे व्हिडिओ गेम मात्र फक्त तेरांना. कायदा तिन्हींना नव्हता, तरी आकडे एवढे वेगळे.

जर्मनीचा एक नियम मला फार आवडतो, म्हणून तेवढाच सांगतो. तिथं टपालानं १८ शिक्क्याची डिस्क मागवली तर पोस्टमननं ती दारात टाकून जायचं नाही. मागवणारा प्रौढ माणूस स्वतः समोर आला पाहिजे, तेव्हाच पाकीट हातात द्यायचं. दुकान दूर गेलं म्हणून त्यांनी काउंटर पोस्टमनच्या पिशवीत घालून पाठवला.

चाकाच्या पलीकडे

ऑनलाइन विक्रीत हा काउंटरच उरत नाही. पडद्यामागच्या सर्व्हरला कळतं ते इतकंच: कुणीतरी एक बटण दाबलं.

भारतात २०२१च्या फेब्रुवारीत माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आले आणि ओटीटी त्यांच्या कक्षेत आल्या. सिनेमागृहासारखं आधी बोर्डाकडं जायची गरज ठेवली नाही. कंपनीनं स्वतःच श्रेणी लावायची: यू, यू/ए ७+, यू/ए १३+, यू/ए १६+ आणि ए. म्हणजे वाणसामानाच्या दुकानदारानं स्वतःच तागडी तपासून शिक्का मारायचा, असा प्रकार. तक्रारीसाठी मात्र तीन पायऱ्या ठेवल्यात: आधी कंपनी, मग कंपन्यांची मिळून संस्था, मग सरकार. पहिल्या पायरीवर पंधरा दिवसांत निर्णय द्यायचा असतो. नियमांत पुढं दोन वेगळे शब्द आहेत. १३+ आणि त्यापुढच्या श्रेणीसाठी पालकांच्या हातातलं कुलूप हवं. ‘ए’साठी वय तपासण्याची ‘विश्वासार्ह’ सोय हवी. विश्वासार्ह म्हणजे काय, हे नियमात लिहिलेलं नाही. त्या मोकळ्या जागेत सोन्याचं चाक फिरतं.

बरं, चाक नको तर दुसरं काय? एकेक बघू.

कार्ड. लोकांना वाटतं, पैसे कार्डानं भरले म्हणजे माणूस मोठा. क्रेडिट कार्डापुरतं ते बऱ्याच अंशी खरं आहे, ब्रिटनमध्ये ती एक मान्य पद्धतही आहे. पण आपल्याकडं रिझर्व्ह बँक दहा वर्षांवरच्या मुलाला स्वतः चालवायचं बचत खातं उघडू देते, आणि बँकेनं ठरवलं तर त्यावर डेबिट कार्डही मिळतं. आणि घरोघरी कार्ड एकदा आईनं घातलेलं असतं, पुढं सगळं घर त्यावर चालतं. कार्ड सांगतं पैसे कुणाचे. समोर कोण बसलंय ते त्याला कळत नाही.

मोबाइल नंबर. सिमकार्ड कुणाच्या नावावर आहे हे कंपनीला माहीत असतं. आमच्या घरात चार नंबर आहेत आणि चारही माझ्या नावावर. सरकारी नोंदीनुसार या घरात मी एकटाच बोलतो.

चेहरा. ही नवी पद्धत. यंत्र तुम्हाला ओळखत नाही, फक्त चेहरा बघून वयाचा अंदाज बांधतं. यंत्रालाही सतरा आणि एकोणीस यातला फरक नीट सांगता येत नाही, म्हणून तिथंही तीच ब्रिटिश दुकानदाराची गादी लागते. रेघ जरा वर ओढायची आणि मधल्यांना दुसरा पुरावा मागायचा. ब्रिटनमध्ये २५ जुलै २०२५पासून अश्लील संकेतस्थळांना अशी कडक तपासणी सक्तीची झाली. पोरांनी एका व्हिडिओ गेममधल्या पात्राचा चेहरा कॅमेऱ्यासमोर धरून काही ठिकाणी ती पार केली. बाकीच्यांनी व्हीपीएन टाकलं आणि दुसऱ्या देशातून आल्यासारखं दाखवलं. काजळाची मिसरूडच ही, जरा महागातली.

राहता राहिले कागद. आणि कागद म्हटलं की मला आबा आठवतात. आजी सांगायची, जोतिबाच्या चैत्र यात्रेनंतर आठेक दिवसांनी हा झाला. साल? “त्या वर्षी पंचगंगेला मोठा पूर आला होता.” शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजींनी वर बघितलं, पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला लागतो का पाहिलं आणि लिहून टाकलं, १ जून. महाराष्ट्रात त्या पिढीचे निम्मे लोक १ जूनला जन्मलेले आहेत, असं वाटावं इतके वाढदिवस त्या दिवशी येतात. तीच तारीख दाखल्यावर, तीच पेन्शनीवर, तीच आधारवर. आणि २०२४च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं एका अपघात भरपाईच्या प्रकरणात काय सांगितलं, तर वय ठरवायला आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला धरा. म्हणजे फिरून गुरुजींकडंच. एका माणसानं दुसऱ्याबद्दल दिलेली ग्वाही, एवढाच वयाचा पुरावा असतो; कागद तिची झेरॉक्स.

कंडक्टर विसरतो

आता सगळ्यात नाजूक भाग. धरा की कागद दाखवला आणि तपासणी एकदम पक्की झाली. मग त्या कागदाचं पुढं काय होतं?

एसटीचं उदाहरण घ्या. पंच्याहत्तर पूर्ण झालेल्यांना २०२२च्या ऑगस्टपासून एसटीत फुकट प्रवास आहे. आबा सांगलीला निघतात, कंडक्टर आधार कार्ड मागतो. त्याला हवंय फक्त एक उत्तर: पंच्याहत्तर झाली की नाही? पण कार्डावर त्याला नाव दिसतं, पत्ता दिसतो, फोटो दिसतो, नंबर दिसतो. तरी आपण घाबरत नाही. का? कारण हातकणंगले यायच्या आत तो सगळं विसरलेला असतो.

कॉम्प्युटर विसरत नाही. तुम्ही कार्डाचा फोटो चढवलात की तो कुठंतरी राहतो, आणि पुष्कळदा मूळ कंपनीकडंही नाही तर तिनं कामाला लावलेल्या तिसऱ्याच कंपनीकडं. २०२५च्या ऑक्टोबरात डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपनं सांगितलं की त्यांच्या अशाच एका बाहेरच्या सेवा कंपनीकडून सुमारे सत्तर हजार लोकांच्या सरकारी ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती गेले असावेत. त्यातल्या बऱ्याच जणांनी ते दिले होते वयाच्या तक्रारीसाठीच. वय सिद्ध करायला गेले आणि ओळख गमावून बसले.

म्हणून आता जाणकार म्हणतात ते असं: कागद दाखवूच नका, उत्तर दाखवा. डिजिलॉकर या कागदपत्रं ठेवायच्या सरकारी ॲपसारख्या जागी तुमचा दाखला आधीच आहे. सिनेमावाल्यानं तिथं विचारायचं, हा माणूस अठराचा झाला का? तिथून यायचं ‘हो’ किंवा ‘नाही’, एका वेळेपुरतं, सांकेतिक. नाव नाही, तारीख नाही, फोटो नाही. कंडक्टरला फक्त हिरवा दिवा दिसावा तसं. अजून एक बारकावा: दाखला ठेवणाऱ्यालाही कळता कामा नये की तुम्ही कोणता सिनेमा बघायला निघालात. नाहीतर दादांच्या रजिस्टरची वही सरकारच्या टेबलावर गेली म्हणायची.

आपल्याकडं या दिशेनं पहिलं पाऊल पडलंय, पण ते सिनेमासाठी नव्हे, मुलांच्या माहितीसाठी. २०२३चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अठराच्या आतल्या प्रत्येकाला मूल मानतो. त्याची माहिती वापरायची तर आईवडिलांची पडताळता येईल अशी संमती लागते. त्याच्या वागण्याचा माग काढणं, त्याला हेरून जाहिराती दाखवणं बंद. चूक झाली तर दंड दोनशे कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, कंपन्यांना मुख्य बंधनं पाळायला दीड वर्ष दिलंय. आकडा बघा. थिएटरवाल्याला परवान्याची भीती, ब्रिटिश दुकानदाराला कैदेची, दादांना माझ्या वडिलांची. ओटीटीवाल्याला आजवर सोन्याच्या चाकानं काय गमावलं? काहीच नाही. उलट एक गिऱ्हाईक मिळालं. दोनशे कोटी ही रक्कम पहिल्यांदाच त्या चाकाकडं बघायला लावेल असं मला वाटतं, जरी ती चुकीच्या सिनेमासाठी नसून चुकीच्या माहितीसाठी असली तरी.

जाता जाता एक. ‘मला अटी मान्य आहेत’ म्हणून सोन्यानं जो टिक केला त्याला कायद्यात किंमत शून्य. १८७२च्या करार कायद्यानुसार अज्ञानाला, म्हणजे अठराच्या आतल्याला, करार करता येत नाही, आणि १९०३ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वांत वरच्या न्यायालयानं, तर असा करार मुळातच नव्हता असं ठरवून ठेवलंय. कंपनीलाही ते माहीत असतं. म्हणून खातं मोठ्यांच्या नावावर आणि मुलांसाठी आत वेगळं प्रोफाइल, अशी रचना असते. जबाबदारी थिएटरच्या दारातून निघून हळूच आपल्या सोफ्यावर येऊन बसते, ती अशी.

तर त्या रात्री मी सोफ्यावर बसून ती कामं केली. सोन्याचं वेगळं प्रोफाइल काढलं, त्याला १३+ची मर्यादा घातली. मोठ्यांच्या प्रोफाइलला चार आकडी पिन. खरेदीलाही पिन लावली, कारण पुष्कळ ॲपमध्ये बघायचं कुलूप वेगळं आणि विकत घ्यायचं वेगळं असतं. एक लावून माणूस निर्धास्त होतो आणि महिनाअखेर बिल येतं. आबांचं प्रोफाइल आबांनीच लावलं, चष्मा कपाळावर सरकवून, एकेक आकडा दाबत.

दोन दिवसांनी सोन्या आबांच्या प्रोफाइलमध्ये बसून आरामात मारामारीचा सिनेमा बघत होता.

“पिन कुणी सांगितली रे?”

“कुणी नाही. शून्य एक, शून्य सहा. आबांचा वाढदिवस.”

पिन बदलली. आता आबांना ती लक्षात राहत नाही. रोज रात्री जेवण झालं की मला दुकानात फोन येतो, आणि मी पिन सांगतो. आबांना ऐकू कमी येतं, त्यामुळं त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो.